मला कोणी विचारले नव्हते

भिलाईत, पावर हाउसच्या बाजारात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चहाची एक टपरी आहे. आमच्या जुन्या ओतकामाच्या कारखान्यातले जे कोणी अजून चालते-फिरते आहेत, ते रविवारी सकाळी तिथे जमतात. त्या टपरीवर माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मला आसनावर बसायला सांगितले, मी बौद्ध असल्यामुळे बाणेदारपणे नकार दिला, आणि म्हणून भट्टीचे उस्तादपद दुसऱ्याकडे गेले, अशी ती गोष्ट. ऐकणारे माना डोलावतात. कोणी तरी म्हणतो, "उसूल का पक्का आदमी है." मी तिथेच बाकावर बसलेलो असतो. माझ्याकडून जे काढून घेतले गेले ते मीच टाकून दिले होते, असे माझ्यासमोर आणि माझे कौतुक करीत ठरवले जाते.

हे खोटे आहे. नकार देण्यासाठी आधी कोणी तरी विचारावे लागते.

आमच्या लोकांनी रचलेली हकीकतही मला मान्य नाही, हे इथेच नोंदवतो. रिसालीच्या आमच्या विहारात एका एप्रिलच्या जयंतीला एक तरुण वक्ता माइकवरून सांगत होता की मी पूजेचे ताट लाथेने उडवले आणि जयघोष करीत शेडबाहेर पडलो. मी पहिल्या रांगेत होतो. उभा राहून म्हणालो, "ताट मी धड पाह्यलंबी नाई. बुंदीचं पाकीट माह्या पोरानं खाल्लं, अन् त्याले आवडलं." लोक हसले. वक्ता रागावला. कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तरुणांना प्रेरणा लागते." मी म्हणालो, "मंग खरी लागू दे ना बापा. खोटी कावून?"

आता काय घडले ते सांगतो. माझे वय सत्तरीच्या पुढे आहे. डॉक्टरांनी मला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आहेत, विस्मरणाच्या नाहीत.

माझे वडील भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून इथल्या पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात खलाशी, म्हणजे अवजड सामान चढवणारे-उतरवणारे मजूर, म्हणून आले. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी ओतकामाच्या कारखान्यात लागलो. आज तो कारखाना नाही. त्या जागेवर सिमेंटच्या गोण्यांचे गोदाम आहे. आम्ही भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळवत असू आणि त्यापासून जाड प्लेटा, पंपांची अंगे, यंत्रांचे जड पाय ओतत असू. भट्टीवरच्या प्रमुख कारागिराला उस्ताद म्हणत. कोणते भंगार किती टाकायचे, वर तरंगणारी मळी कधी काढायची आणि मुख्य म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा रस कधी ओतायचा, हे तो सांगे. रस लवकर ओतला तर लॅडलमध्ये, म्हणजे तो ज्यात घेतात त्या मोठ्या डोलातच, थिजतो. उशीर केला तर भट्टीचे अस्तर खातो. मधली वेळ फार थोडी असते. ती वेळ ओळखण्यासाठी मी निळ्या काचेतून भट्टीत पाहण्यात उमेदीची सगळी वर्षे घातली. नियम तोंडीच होता, पण सर्वांना ठाऊक होता: उस्ताद निवृत्त झाला की त्याच्या खालोखाल जो जुना, तो उस्ताद. त्या खालोखालच्या जागी मी होतो.

कारखान्यात जात पाळत नसत, असे टपरीवरचे सगळे एकमुखाने सांगतात. एका नळाचे पाणी पीत होतो, एका बाकावर जेवत होतो, हे खरे आहे. मी त्यात एवढीच भर घालतो की त्या बाकावर मला सर्वांनी आपापल्या डब्यातले दिले. लोणचे दिले, बिहारकडचा गोड ठेकुआ दिला, सणाची पुरणपोळी दिली. माझ्या डब्यातले कोणी घेतले नाही. कोणाचे पोट भरलेले असे, कोणाचा गुरुवार असे, कोणाला तिखट चालत नसे. मला घेणाराच ठेवले. देणारा होऊ दिले नाही. याला भांडता येत नाही. "तू माझी भाजी का खात नाहीस," असे प्रौढ माणसाने कोणाला विचारायचे?

आणि चुकांचे. क्रेनवाल्याच्या हातून साचा फुटला तर ती क्रेनवाल्याची चूक असे. माझ्या हातून एकदा ओले भंगार भट्टीत गेले, ठिणग्या छपरापर्यंत उडाल्या, सुदैवाने कोणाला लागले नाही. त्या संध्याकाळी मी हात धूत असताना पलीकडे कोणी तरी म्हणाले, "कोटेवालों को भट्टी देंगे तो यही होगा." खाजगी कारखान्यात कोटा नव्हता. तो बोलणारा स्वतः मामाच्या ओळखीने लागलेला होता. पण त्या दिवसापासून मी भंगाराचा प्रत्येक तुकडा दोनदा उलटून पाहू लागलो, ताप असतानाही कामावर जाऊ लागलो आणि ड्यूटीला नेहमी सर्वांच्या आधी पोहोचू लागलो. लोक याला माझी शिस्त म्हणतात. माझी बायको याला दुसरे काही म्हणे. "घरी तरी आंग सैल सोडा जी," ती म्हणे. "खुर्चीवर असे बसता जसे आत्ता कोनी हाजरी घ्याले येते."

ज्याच्याकडे उस्तादपद गेले तो माझ्याच तालुक्यातला, कुणबी शेतकऱ्याचा मुलगा. मी त्याला इथे गाववाला म्हणतो, तेव्हाही तेच म्हणत असे. तो माझ्यापेक्षा वयाने आणि नोकरीने बराच लहान. मला दादा म्हणे, आजही म्हणतो. भट्टीचे काम त्याला मी शिकवले. तो वाईट माणूस नव्हता आणि नाही. वाईट माणसाविरुद्ध लिहिणे सोपे असते. माझे काम तेवढे सोपे नाही.

आता पूजेची पद्धत समजून घ्यावी लागेल, कारण सगळे तिथेच अडले. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेच्या दिवशी भिलाईत काम बंद असते आणि यंत्रे धुऊनपुसून सजवतात. आमच्या शेडमध्ये झेंडूच्या माळा लागत, क्रेनच्या हुकाला लिंबू-मिरची बांधत, भट्टी थंड ठेवत. त्या एका दिवशी कामगारांच्या बायका-मुलांना आत सोडत. भट्टीसमोर आसन मांडलेले असे आणि त्यावर उस्ताद सपत्नीक यजमान म्हणून बसे. ज्या वर्षी उस्ताद निवृत्त होणार असे, त्या वर्षी पुढचा उस्ताद बसे. पत्र नाही, आदेश नाही. जो आसनावर बसला, त्याची दुसऱ्या दिवसापासून भट्टी.

आमचे जुने उस्ताद बिहारकडचे होते. राज्य नुकतेच वेगळे झाले होते, दुकानांच्या पाट्यांवर मध्य प्रदेश पुसून छत्तीसगड रंगवणे चालू होते, त्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. "अब तू ही सँभालेगा," असे ते मला उन्हाळ्यापासून म्हणत होते.

मी दीक्षा घेतलेल्या बापाचा मुलगा. आसनावर बसून पूजा करणे मला शक्य नव्हते, आणि याबद्दल माझ्या मनात क्षणभरही दुविधा नव्हती. भट्टी सोडणेही शक्य नव्हते. म्हणून मी उत्तर तयार केले. मला विचारतील, "बसता का?" मी सांगेन, "जुने उस्ताद अजून इथेच आहेत, शेवटची पूजा त्यांच्याच हातून होऊ द्या. मी बाजूला उभा राहीन. उद्या सकाळी भट्टी मी सुरू करीन, पहिला रस मी ओतीन." उत्तर सभ्य होते, कोणाचा अपमान करणारे नव्हते. मी ते हिंदीतून पाठ केले. आरशासमोर म्हणून पाहिले. बायको ऐकत होती.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "विचारतीन तं असंच सांगा."

"असंच सांगीन."

"अन् नाई विचारलं तं?"

मी हसलो. "नाई कावून विचारतीन? माह्याशिवाय हाय कोन तिथी?"

नीळ घातलेला माझा पांढरा शर्ट तिने इस्त्री करून दारामागे टांगला.

पूजेच्या दिवशी आम्ही तिघे, मी, बायको आणि शाळेत जाणारा मुलगा, शेडमध्ये पोहोचलो. वेळेच्या आधीच पोहोचलो होतो. गाववाला आणि त्याची बायको आसनावर बसलेली होती. त्याने नवे पिवळे सोवळे नेसले होते, तिच्या साडीची घडी नुकतीच मोडलेली दिसत होती. पंडितजी त्यांच्या मनगटाला लाल धागा बांधत होते. म्हणजे त्यांना आदल्या दिवशीच सांगितलेले होते. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिले नाही. ती मुलाला घेऊन क्रेन पाहायला गेली. हे तिने मुद्दाम केले, हे मला पुढे कळले.

मी आधी जुन्या उस्तादांकडे गेलो. ते चष्मा पुसत होते, आणि पुसतच राहिले.

"उस्ताद, ये क्या है?"

"मालिक ने पूछा था मुझसे," ते हळू आवाजात म्हणाले. "बोले, ये लोग पूजा में बैठते हैं क्या? मैंने कहा, नहीं बैठते. झूठ तो नहीं बोला न मैंने?"

झूठ नव्हते. माझ्याविषयी विचारले होते. मला विचारले नव्हते. जुने उस्ताद आता हयात नाहीत, उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी यापुढे लिहीत नाही.

मग मी मालकांकडे गेलो. टपरीवर म्हणतात मी ओरडलो. मुलगा म्हणतो मी पुटपुटलो. तेव्हा त्याचे सगळे लक्ष क्रेनकडे होते, त्यामुळे त्याची साक्ष मी धरत नाही. मी नेहमीच्या आवाजात बोललो. भट्टीवर काम करणाऱ्याचा नेहमीचा आवाज जरा मोठा असतो, एवढेच.

"सेठजी, मुझसे पूछा क्यों नहीं?"

मालक भले गृहस्थ होते. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले. "अरे भाई, आप लोग तो ये सब मानते नहीं. जबरदस्ती थोड़े बिठाते? हमने तो आपके धरम का मान रखा."

"मान रखना था तो पूछ लेते."

"ठीक है, अभी पूछ लेता हूँ. बैठेंगे?"

गाववाला आसनावरून अर्धवट उठला आणि बायकोचा पदर त्याच्या सोवळ्याला बांधलेला असल्यामुळे तिलाही अर्धवट उठावे लागले. याच क्षणाला टपरीवरचे लोक विचारणे म्हणतात. मी म्हणत नाही. पाटावर दुसरा बसून घास घेत असताना दारातल्या माणसाला "जेवता का?" असे विचारतात, त्याला आमच्याकडे आमंत्रण म्हणत नाहीत.

तयार केलेले उत्तर मला आठवत होते. शब्दन् शब्द आठवत होता. पण ते उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे होते. आता 'नाही' म्हटले तर सगळ्यांच्या साक्षीने मीच भट्टी सोडली असे होणार होते. 'हो' म्हटले तर वडिलांचे आयुष्य पुसले जाणार होते. मालकांनी कपटाने मला तिथे उभे केले असे मी म्हणत नाही. कपट न करताही माणसाला असे उभे करता येते, हे मी त्या दिवशी शिकलो.

मी म्हणालो, "आसन पर नहीं बैठूँगा. भट्टी मेरी है. कल पहला माल मैं निकालूँगा."

मालक उत्तर देण्याआधी मागून क्रेनवाला म्हणाला, "भट्टी तो सेठजी की है, जयभीम साहब!"

लोक हसले. दुष्टपणाने हसले नाहीत. सणाच्या दिवशी लोक जसे हसतात तसे हसले. मालकही हसले. त्या हसण्यात माझी मागणी संपली. पंडितजी म्हणाले, मुहूर्त निघून चालला आहे, आणि गाववाला पुन्हा खाली बसला. मी शेवटपर्यंत तिथेच उभा राहिलो. ताट उडवले नाही, जयघोष केला नाही, बाहेर पडलो नाही. कोणी बुंदीचे पाकीट हातात दिले ते मुलाला दिले. घरी परतताना बायको एवढेच म्हणाली, "आता उद्या जासान का?"

"जाईन. कावून नाई जाईन?"

"तेच इचारलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, आणि माझ्या हकीकतीतला जो भाग सर्वांना माहीत आहे पण कोणालाच नीट सांगता येत नाही, तो त्या दिवशी घडला.

गाववाला उस्तादाच्या चौथऱ्यावर उभा होता. मी माझ्या नेहमीच्या जागी, मळी काढण्याच्या बाजूला. थंड भट्टी तापायला वेळ लागला. भंगार वितळले, मळी निघाली, नमुना तपासून आला, लॅडल तापवून क्रेनवर टांगले गेले. आता फक्त उस्तादाने सांगायचे होते. तो निळ्या काचेतून पाहत होता. पुन्हा पाहत होता. आजवर शेवटचा शब्द त्याने कधी दिलेला नव्हता. त्याला येत नव्हते असे मी म्हणणार नाही. मी शिकवले होते, त्याला येत होते. पण स्वतः म्हणायची वेळ आली की प्रत्येकाची जीभ पहिल्यांदा जड होते.

तो चौथऱ्यावरून उतरला, विजेच्या पॅनेलला वळसा घालून माझ्याजवळ आला आणि तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाला, "दादा, झालं का गा?"

मी काचेतून पाहिले. झाले होते, किंवा अगदी व्हायच्या बेतात होते.

मी म्हणालो, "इथून नाई."

"काय?"

"इथून नोको विचारू. तुह्या जागेवरून विचार. सगळ्याइले आयकू गेलं पाह्यजे असं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "दादा, माल खराब होईन."

"मंग लवकर जाय."

तो गेला. चौथऱ्यावर चढला. क्रेनवाला वरून पाहत होता, साचेवाले पाहत होते. मोठ्याने विचारले तर उस्ताद कोण हा प्रश्न निघतो. न विचारावे तर पहिलाच रस हातून जातो. आदल्या दिवशी मी जिथे उभा होतो तिथे आता तो उभा होता. मला त्याची कीव आली नाही. आनंदही झाला नाही. मी रसाकडे पाहत होतो.

"दादा!" तो ओरडला. "ओतू का?"

मी मोजून एक श्वास घेतला.

"ओत!"

भट्टी कलली. माल चांगला निघाला.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या शेडमध्ये हीच पद्धत राहिली. पुढे त्याला माझ्या होकाराची गरज उरली नव्हती. पहिल्या वर्षातच तो तयार उस्ताद झाला. तरी विचारावे लागे, कारण न विचारता भट्टी कलवली तर मी मळी अडवायची काठी टाकून बाजूला उभा राहत असे आणि उरलेली मळी रसाबरोबर जाई. एकदा तसे झाले. पुन्हा होऊ दिले नाही. मालकांच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, "जो करना है करो, माल अच्छा निकलना चाहिए." नव्या आलेल्या कामगारांना वाटे की ही सुरक्षेची पद्धत आहे. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे, म्हणजे चूक होत नाही. माल घेणाऱ्या एका कंपनीचा तपासनीस आला, त्याने तर आमच्या मालकांचे याबद्दल अभिनंदन केले. मी तिथेच उभा होतो. त्याचा गैरसमज मी दूर केला नाही. सगळ्यांचेच गैरसमज दूर करण्याचा मक्ता मी घेतलेला नाही.

गाववाला आता सांगतो की ते ओरडून विचारणे म्हणजे त्याने माझा राखलेला मान होता. तोही खोटाच दावा आहे. मान त्याने राखला नाही, मी वसूल केला. दोन्हींत फरक आहे, आणि वसुलीला किती बळ लागते हे ज्याला करावी लागते त्यालाच कळते. रोज, प्रत्येक रसाला, ताठ उभे राहून वाट पाहावी लागे. घरी आल्यावर माझ्या खांद्यांना मोकळे व्हायला रात्र लागे. रक्तदाब तेव्हापासूनचा आहे.

माझ्या मुलाने मोठेपणी एकदा मला सुनावले. तो रायपूरला एका खाजगी कार्यालयात नोकरी करतो. "बाबा, पगार त्याचा बढ़ गया. पद त्याला मिळालं. तुमाले फक्त आवाज भेटला." मी म्हणालो, बरोबर आहे. आणि खरोखरच बरोबर आहे. बाणेदार म्हणवून घेण्यासाठी मी हे नाकारणार नाही. पण त्याच मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नुसते पहिले नाव आणि आडनावाचे एक आद्याक्षर आहे. "ऑफिस में सब अच्छे हैं," असे तो सांगतो. गेल्या हिवाळ्यात अंगात ताप असताना तो पहाटेच्या गाडीने कामावर निघाला. त्याची आई म्हणाली, एक दिवस रजा टाक. तो म्हणाला, "मी रजा टाकली की लगेच चर्चा होते." ती माझ्याकडे वळून पाहू लागली. मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. रजेवरून होणाऱ्या चर्चेबाबत मुलाची साक्ष मी ग्राह्य धरतो.

आता अलीकडचे. काही रविवारांपूर्वी टपरीवर एक नवा माणूस आला. भिलाई-तीनला राहणारा, रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याने ती गोष्ट ऐकलेली नव्हती, म्हणून गाववाल्याने सुरू केली: शेठने दादाला विचारले, दादाने नाही म्हटले, असा उसूलाचा माणूस.

मी ग्लास खाली ठेवला. "थांब. शेठनं मले कवा विचारलं?"

"त्या दिवशी ना. सगळ्याइसमोर."

"तवा तू कुठी होता?"

"मी? मी तं आसनावर."

"बसून?"

"हाव. बसूनच."

रेल्वेवाला खो खो हसला. "अरे भाई, बर्थ पे आदमी सोया है और टीटी दूसरे से पूछ रहा, आपको यही बर्थ चाहिए क्या?"

गाववाला हसला नाही. थोडा वेळ त्याने बशीतला चहा फुंकला. मग म्हणाला, "पन दादा, एक सांग. विचारलं असतं तं बसला असता का तू?"

"नाई."

"मंग?"

या 'मंग'शी मी इतकी वर्षे भांडत आलो आहे. ते दुष्टपणातून येत नाही. त्याला खरोखरच कळत नाही की जो बसणारच नाही त्याला विचारायचे कशासाठी.

"तुह्या पोरीच्या लग्नात," मी म्हणालो, "खाटीवर पडलेल्या तुह्या चुलत्याले पत्रिका देली होती का नाई?"

"देली होती. सोता जाऊन देली. अक्षता ठेवून."

"तो येनार होता का?"

"कुठचा येते? त्याले उठता येत नव्हतं."

"मंग कावून देली?"

"अरे, घरचा मोठा मानूस—" असे म्हणून तो थांबला. टपरीवाल्याने काय झाले म्हणून मान वर केली.

पुढच्या रविवारी दोन जुने साचेवाले आले होते, आणि रेल्वेवाल्यानेच आग्रह केला की ती गोष्ट पुन्हा होऊ द्या. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. गाववाल्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बोल, बोल. मी आयकून राहिलो."

"दादाले कोनी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "मी बसल्यावर विचारलं. अन् दादानं भट्टी मांगतली होती, आसन नाई. भट्टी देल्ली नाई कोनी."

साचेवाल्यांपैकी एक म्हणाला, "पर हमने तो सुना था..."

"गलत सुना था," गाववाला म्हणाला. "मैंने ही सुनाया था."

इथपर्यंत त्याने बरोबर सांगितले. मग तो म्हणाला की यात त्याची स्वतःची काही चूक नव्हती. शेठने सांगितले, तो बसला, नाही कसे म्हणणार होता? मी म्हणालो, आदल्या दिवशी सांगितले होते, रात्रभर वेळ होता, माझे घर चार गल्ल्यांपलीकडे होते. तो म्हणाला, दादा, तू तर कोणालाच सोडत नाही. मी म्हणालो, नाही सोडत. त्यावर आमचे भांडण अजून चालू आहे.